पिकअप उभ्याउभ्या थरथरतेय? इंजिन उघडायच्या आधी हे तपासून घ्या

पहाटेचे तीन वाजलेत. भाजीने भरलेली पिकअप मार्केट यार्डाच्या गेटवर रांगेत उभी आहे. बॅटरी जुनी झाल्यामुळे ड्रायव्हर गाडी बंद करत नाही. तेवढ्यात त्याच्या लक्षात येतं की गिअरची दांडी नाचतेय, आरशातलं दिसेनासं झालंय आणि डॅशबोर्ड खडखड वाजतोय. जरा रेस दिली की सगळं शांत होतं. पाय काढला की पुन्हा तेच सुरू.

सकाळी गॅरेजला गेल्यावर एक जण सांगतो, "नॉझल गेलेत." दुसरा म्हणतो, "पंप उतरवावा लागेल." तिसरा नुसता आवाज ऐकून निकाल देतो, "इंजिनचं काम काढा." तिन्ही उत्तरांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक असतो. शिवाय गाडी गॅरेजला उभी राहिली म्हणजे हप्ता चालू आणि धंदा बंद.

यातली गोम अशी की थरथर हा आजार नाही, ते लक्षण आहे. ताप आला म्हणून कुणी थेट ऑपरेशन करत नाही, आधी तपासणी होते. इंजिनचंही तसंच आहे. स्वस्त आणि सोप्या तपासण्यांपासून सुरुवात केली, तर बऱ्याचदा इंजिन उघडायची वेळच येत नाही.

गाडी उभी असतानाच का थरथरते?

गाडी उभी असते, पाय ॲक्सिलरेटरवर नसतो आणि इंजिन स्वतःच्या बळावर चालू राहतं. याला आयडलिंग म्हणतात, गॅरेजच्या भाषेत 'स्लो'. चार सिलेंडरच्या डिझेल इंजिनमध्ये हा वेग साधारण ७०० ते ८५० आरपीएमच्या आसपास ठेवलेला असतो. नेमका आकडा प्रत्येक इंजिनाचा वेगळा असतो आणि तो कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो.

आता थोडा हिशोब करू. फोर स्ट्रोक इंजिनमध्ये प्रत्येक सिलेंडर दर दोन फेऱ्यांत एकदा जोर देतो. इंजिन ७५० आरपीएमवर असेल तर सेकंदाला साडेबारा फेरे होतात आणि चार सिलेंडर मिळून सेकंदाला २५ धक्के देतात. हे धक्के सारखे असले की गाडी शांत वाटते. त्यातला एक सिलेंडर कमी जळाला किंवा जळालाच नाही, तर सेकंदाला साधारण सहा वेळा ठेका चुकतो. हा संथ हादरा अंगाला आणि केबिनला लगेच जाणवतो.

रेस दिली की हेच धक्के इतक्या वेगाने येतात की फ्लायव्हीलच्या गतीत तो खड्डा झाकला जातो. म्हणूनच "पळताना गाडी ठीक आहे, उभी राहिली की थरथरते" ही तक्रार ऐकू येते. गाडी पळताना दोष गेलेला नसतो, फक्त दिसत नसतो.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. सगळी इंजिनं सारखी शांत नसतात. २००५ मध्ये आलेल्या टाटा एसमध्ये सुरुवातीला दोन सिलेंडरचं ७०२ सीसीचं डिझेल इंजिन होतं. दोन सिलेंडरची गाडी चार सिलेंडरच्या गाडीपेक्षा जास्त हलणारच. त्यामुळे तुलना शेजारच्या गाडीशी करू नका. तुमचीच गाडी सहा महिन्यांपूर्वी कशी चालत होती, ते आठवा.

आधी थरथर कोणती, ते ओळखा

तपासणीला लागण्यापूर्वी गाडी सपाट जागी उभी करा, न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा आणि चाकाला दगड लावा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका, धुरातला विषारी वायू जीव घेऊ शकतो. गळ्यातला रुमाल, उपरणं, सैल बाही फॅन आणि बेल्टपासून लांब ठेवा.

मग सायलेन्सरच्या तोंडाजवळ कागदाचा एक तुकडा धरा आणि आवाज ऐका. साधारण तीन प्रकार दिसतील.

पहिला प्रकार म्हणजे मिसिंग. कागद सारखा फडफडत नाही, मध्येच ठेका चुकतो. म्हणजे एखादा सिलेंडर नीट काम करत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे हंटिंग. आरपीएम आपोआप वर जातो, खाली येतो, पुन्हा वर जातो. इथे सिलेंडरपेक्षा डिझेलच्या पुरवठ्यावर, पाइपात शिरलेल्या हवेवर किंवा पंपातल्या गव्हर्नरवर संशय घ्यायचा.

तिसरा प्रकार फसवा आहे. कागद अगदी सारखा फडफडतो, आवाजही एकसारखा येतो, पण केबिन मात्र हादरते. अशा वेळी इंजिन बहुधा ठणठणीत असतं. दोष ते ज्यावर बसवलंय त्या रबरांत असतो.

मग गाडीला चार प्रश्न विचारा

थरथर कधी होते? फक्त सकाळी थंड इंजिनवर होते आणि दोन-चार मिनिटांत जाते, तर कमी कॉम्प्रेशन, नॉझल किंवा ज्या गाड्यांना ग्लो प्लग आहेत त्यांचे ग्लो प्लग, इथून सुरुवात करायची. इंजिन तापल्यावरच होत असेल तर टॅपेट जास्त घट्ट असणं किंवा पंप झिजलेला असणं शक्य आहे. डिझेल तापलं की पातळ होतं आणि झिजलेल्या पंपात आतल्या आत निसटतं.

अचानक सुरू झाली की हळूहळू वाढली? डिझेल भरल्यानंतर किंवा फिल्टर बदलल्यानंतर लगेच सुरू झाली असेल, तर उत्तर तिथेच आहे. महिनोन्‌महिने वाढत गेली असेल तर झीज.

क्लच दाबल्यावर फरक पडतो का? पडत असेल तर क्लच किंवा गिअरबॉक्सच्या बेअरिंगकडे बघा.

धूर कसा आहे? याबद्दल पुढे सविस्तर बघू.

गाडी जुन्या पंपाची की कॉमन रेलची?

हे ठरवल्याशिवाय पाना हातात घेऊ नका. बॉनेट उघडा. पंपातून बारीक लोखंडी पाइप निघून एकेका नॉझलला थेट जात असतील आणि नॉझलवर वायरचा सॉकेट नसेल, तर तो जुना मेकॅनिकल पंप आहे. पंपातून एकच पाइप एका जाड नळीला जातो, त्या नळीतून सगळ्या इंजेक्टरांना फाटे निघतात आणि प्रत्येक इंजेक्टरवर वायर आहे, तर ती कॉमन रेल. देशभर १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, त्यानंतरच्या डिझेल गाड्यांत सगळा कारभार इलेक्ट्रॉनिक आहे. दहा-पंधरा वर्षं जुन्या पिकअपमध्ये मात्र दोन्ही प्रकार सापडतात.

तपासणी स्वस्तापासून महागाकडे

*१. फाउंडेशन.* इंजिन ज्या रबरांवर बसतं त्यांना गॅरेजमध्ये फाउंडेशन म्हणतात. एकाने गाडी चालू-बंद करायची, दुसऱ्याने इंजिनाकडे बघायचं. बंद करताना इंजिन जोरात एका बाजूला झोकांडी खात असेल, रबर तडकलेलं किंवा ऑइल पिऊन मऊ पडलेलं असेल, तर ते बदला. जुन्या गाडीत ऑइल गळून रबर खराब होणं नेहमीचं. सायलेन्सरचा पाइप चॅसिसला घासतोय का, तेही याच वेळी बघा.

*२. स्लो सेटिंग.* मॅन्युअलमध्ये ७५० आरपीएम सांगितलाय आणि गाडी ६०० वर चालतेय, तर ती थरथरणारच. ॲक्सिलरेटरची केबल अडकते का बघा आणि आरपीएम मीटर लावून सेटिंग तपासा. कानाच्या अंदाजाने स्क्रू फिरवू नका.

*३. डिझेल आणि फिल्टर.* फिल्टरच्या किंवा वॉटर सेपरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं तसंच ठेवा. पाणी असेल तर ते तळाशी वेगळं दिसेल. पावसाळ्यात आणि ड्रममध्ये साठवलेलं डिझेल वापरणाऱ्यांकडे हा दोष हमखास निघतो. फिल्टर कधी बदलला हे आठवत नसेल, तर तो बदलायची वेळ झालेली आहे.

*४. एअर धरली आहे का?* रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी लगेच चालू होते, काही सेकंद चालते, मग अडखळते किंवा बंद पडते. हॅंड प्रायमर मारला की पुन्हा चालते. ही पाइपात हवा शिरल्याची खूण आहे.

इथे अनेक जण फसतात. "कुठेच डिझेल गळत नाही, मग एअर कुठून येणार?" असं त्यांना वाटतं. पण टाकी खाली आणि पंप वर असल्यामुळे त्या पाइपातून डिझेल ओढलं जातं. तिथे बारीक फट असेल तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर न येता हवा आत जाते. म्हणून पाइप कोरडा दिसला म्हणजे तो चांगला आहे असं समजू नका. पंपाच्या आधी थोडा वेळ पारदर्शक पाइपचा तुकडा जोडला की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. रबरी पाइप, क्लिप, फिल्टरचं वॉशर आणि प्रायमर ही नेहमीची ठिकाणं. सगळ्यांची मिळून किंमत एका नॉझलइतकीही होत नाही.

*५. कोणता सिलेंडर झोपलाय?* ही तपासणी फक्त मेकॅनिकल पंपाच्या गाडीसाठी, आणि तीही जाणत्या मिस्त्रीच्या हातून. इंजिन स्लोवर असताना नॉझलकडच्या पाइपचा नट एकेक करून थोडा सैल केला जातो. त्या सिलेंडरला डिझेल मिळणं थांबतं. सिलेंडर काम करत असेल तर इंजिन लगेच आणखी अडखळतं. नट सैल करूनही काहीच फरक पडला नाही, तर तोच सिलेंडर आळशी.

या पाइपातलं डिझेल साधारण २०० बारच्या दाबाने नॉझल उघडतं. कारच्या टायरमधली हवा असते दोन-अडीच बार. इतक्या दाबाची धार कातडीतून आत शिरू शकते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, पण ती गंभीर असते. असं काही झालं तर घरी हळद लावून बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. डोळ्यांवर चष्मा हवा, नटावर फडकं हवं आणि उडालेलं डिझेल तापलेल्या सायलेन्सरवर पडता कामा नये.

इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर सोपा मार्ग आहे. थंड इंजिन चालू करून मिनिटभराने एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या प्रत्येक तोंडाचं तापमान बघा. जे तोंड बाकीच्यांपेक्षा थंड, तो सिलेंडर जळत नाही. ही पद्धत कॉमन रेललाही चालते.

*६. नॉझलची अदलाबदल.* समजा तिसरा सिलेंडर काम करत नाही. लगेच नवा नॉझल आणू नका. तिसऱ्याचा नॉझल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याचा तिसऱ्यावर लावा, तांब्याचे वॉशर नवे टाका. आता दोष दुसऱ्या सिलेंडरवर गेला, तर नॉझलच खराब. दोष तिसऱ्यावरच राहिला, तर नॉझल निर्दोष आहे. टॅपेट, कॉम्प्रेशन किंवा पंपाकडे वळा. या एका अदलाबदलीने हजारोंचा चुकीचा खर्च वाचतो.

काढलेले नॉझल टेस्टरवर लावून घ्या. चांगला नॉझल डिझेलचं धुकं करतो. खराब नॉझल पिचकारी मारतो किंवा थेंब गाळतो. चारही तपासा, पण जे नापास होतील तेवढेच बदला.

*७. टॅपेट.* व्हॉल्व्ह आणि रॉकरमधली फट फिलर गेजने मोजतात. ती जास्त असेल तर वरून टकटक आवाज येतो. कमी असेल तर आवाज येत नाही, पण तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन निसटतं आणि हळूहळू व्हॉल्व्ह जळतो. म्हणजे आवाज करणाऱ्या टॅपेटपेक्षा गप्प बसलेला घट्ट टॅपेट जास्त घातक. हे काम तासा-दोन तासांचं असतं आणि जुन्या गाडीत वर्षानुवर्षं कुणी केलेलं नसतं.

*८. कॉम्प्रेशन.* "बॅक कॉम्प्रेशन मारते" हे वाक्य ऐकलं की मालकाच्या पोटात गोळा येतो. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण सैल केल्यावर थोडी वाफ येणं जुन्या इंजिनात चालतं. झाकण उडवेल असे भपकारे येत असतील तर रिंगा किंवा बोअर झिजलेला असू शकतो. पण निकाल फक्त झाकणावरून लावायचा नाही. गेज लावून चारही सिलेंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या आणि आकडे कागदावर लिहून मागा. एकच सिलेंडर कमी असेल तर व्हॉल्व्ह किंवा रिंग. शेजारचे दोन कमी असतील तर त्यांच्यामधलं हेड गॅस्केट गेलेलं असण्याची शक्यता जास्त. चारही कमी असतील, तेव्हाच पूर्ण इंजिनच्या कामाचा विषय.

*९. पंप आणि टायमिंग.* हे सगळ्यात शेवटी. पंप उतरवण्याआधी टायमिंगच्या खुणा करून घ्याव्या लागतात आणि दुरुस्ती टेस्ट बेंच असलेल्या पंपवाल्याकडेच करायची.

गाडी कॉमन रेलची असेल तर

पहिला नियम असा की चालू इंजिनचा एकही डिझेल पाइप सैल करायचा नाही. इथे आयडलिंगलाही दाब शेकडो बार असतो आणि जोर लागल्यावर तो हजारावर जातो. वरची नट सैल करायची युक्ती इथे जीवघेणी आहे.

आधी स्कॅनर लावा. कोणत्या सिलेंडरला ईसीयू किती जास्त किंवा कमी डिझेल देऊन सांभाळून घेतोय, हे अनेक गाड्यांत स्क्रीनवर दिसतं. त्यानंतर रिटर्नची तपासणी होते. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्न पाइपला एकेक बाटली जोडून इंजिन काही मिनिटं चालवतात. जी बाटली इतरांपेक्षा खूप लवकर भरते, तो इंजेक्टर आतून झिजलेला. इंजेक्टर बदलला तर त्यावरचा कोड बऱ्याच गाड्यांत ईसीयूमध्ये भरावा लागतो. ते राहून गेलं तर नव्या इंजेक्टरवरही गाडी थरथरते.

ईजीआर व्हॉल्व्ह काजळी धरून उघडा अडकला, तरी स्लोवर मिसिंग येतं आणि काळा धूर निघतो. तो साफ करून बघणं इंजेक्टर बदलण्यापेक्षा केव्हाही स्वस्त.

पेट्रोल किंवा सीएनजीवरच्या छोट्या पिकअपचं गणित वेगळं आहे. तिथे स्पार्क प्लग, कॉइल, प्लगची वायर, थ्रॉटल बॉडीतली घाण आणि इनटेकच्या रबरी पाइपातली फट या क्रमाने बघायचं. गाडी पेट्रोलवर शांत आणि सीएनजीवर थरथरत असेल, तर आधी प्लग आणि सीएनजी किटचं ट्युनिंग.

धूर काय सांगतो?

- पांढरा, डिझेलचा वास येणारा, डोळे चुरचुरणारा धूर: डिझेल जळत नाही. थंड इंजिन, कमी कॉम्प्रेशन, खराब नॉझल किंवा टायमिंग मागे.
- पांढरा धूर आणि रेडिएटरचं पाणी कमी होणं: हेड गॅस्केट तपासा. गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका.
- निळसर धूर: इंजिन ऑइल जळतंय.
- स्लोवरच काळा धूर: नॉझल गळतोय किंवा ईजीआर अडकलाय.

दोष झाकणारे उपाय

सगळ्यात जास्त केला जाणारा जुगाड म्हणजे स्लो वाढवून देणं. थरथर कमी होते, मालक खूश होतो. पण नॉझल गळतच असतो. गळणारं डिझेल सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतं, ऑइल पातळ होतं आणि पिस्टनवर एकाच जागी आग पडत राहते. नॉझल वेळेवर न बदलल्याने पिस्टन जळाल्याचं मिस्त्री सांगतात, ते यामुळेच. जे काम चार अंकी बिलात झालं असतं, ते इंजिन उघडायला लावतं.

दुसरा जुगाड म्हणजे डिझेलमध्ये रॉकेल टाकणं. पंप आणि नॉझल यांना वंगण डिझेलमधूनच मिळतं आणि रॉकेलमध्ये तो गुण कमी असतो. म्हणजे आजच्या दोषात उद्याच्या झिजेची भर.

गॅरेजला जाताना काय सांगाल?

"गाडी थरथरते" एवढंच सांगू नका. थंडीत की गरम झाल्यावर, ठेका चुकतो की आरपीएम वरखाली होतो, धूर कोणता, फिल्टर आणि टॅपेट कधी केलं होतं, हे सांगा. थंड इंजिनचा दोष असेल तर गाडी रात्री गॅरेजलाच सोडा, म्हणजे मिस्त्रीला सकाळी तो स्वतः बघता येईल. थरथरण्याचा आणि धुराचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. बदललेला प्रत्येक पार्ट परत मागा.

आणि कुणी "इंजिन उघडावं लागेल" म्हणालं, तर एकच प्रश्न विचारा: "चारही सिलेंडरचं कॉम्प्रेशन किती आलं?" आकडे हातात असतील तर चर्चा पुढे न्या. आकडेच नसतील, तर तपासणी अजून झालेलीच नाही.